चार तळहातांएवढी जागा: बर्फातल्या टायरांची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

आज आपण रबराबद्दल बोलणार आहोत. थांबा, लगेच स्किप करू नका. या गोष्टीत हिमवादळ आहे, रॅली आहे, तुमच्या आईबाबांचा पहिला मोबाइल आहे, आणि शेवटी मनालीची तुमची पुढची ट्रिपसुद्धा आहे.

सुरुवात जानेवारी १९६५ पासून करू. माँटे कार्लो रॅली. ही काही ट्रॅकवर गोल गोल फिरायची शर्यत नव्हे. गाड्या युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघायच्या, रात्रंदिवस चालत भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅकोला पोचायच्या, आणि मध्ये आल्प्सचे घाट. त्या वर्षी वाटेत हिमवादळानं गाठलं. निघाल्या २३७ गाड्या. टिकून राहिल्या फक्त ३५.

जिंकलं कोण? फिनलंडचा टिमो मॅकिनेन आणि त्याचा जोडीदार पॉल ईस्टर. एकही दंडगुण न घेता पोचलेली ही एकमेव जोडी. आणि गाडी होती मिनी कूपर एस. लांबी जेमतेम तीन मीटर, इंजिन १२७५ सीसी, चाकं दहा इंचांची. दुसरा नंबर कोणाचा? पोर्शे ९०४ चा, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीचा!

हा काही मटका नव्हता. १९६२ आणि १९६३ मध्ये स्वीडनच्या एरिक कार्लसननं साब ९६ घेऊन हीच रॅली जिंकली होती. तिचं इंजिन ८४१ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. १९६४ ला पॅडी हॉपकर्क, मिनी. १९६५ ला मॅकिनेन, मिनी. १९६६ ला मिनी पहिल्या तिन्ही जागांवर आल्या, पण हेडलाइटच्या नियमावरून त्यांना बाद केलं आणि बक्षीस गेलं सिट्रोएनला. १९६७ ला राउनो आल्टोनेन, पुन्हा मिनी, आणि तीही फक्त १३ सेकंदांनी.

त्या काळच्या नियमांमध्ये मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना थोडा जास्त भार सोसावा लागायचा, हे खरं आहे. १९६४ मध्ये तर फोर्डची व्ही-एट फाल्कन वेगात पुढे होती, पण हिशेबात मिनी जिंकली. तरीही १९६२ ते १९६७, सलग सहा वर्षं जिंकलेल्या सगळ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. इंजिन पुढे, आणि गाडी ओढणारी चाकंही पुढचीच.

वजन कुठे आहे, ते बघा

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहावीचंच आहे.

गाडी रस्त्याला कुठे टेकते? चार टायर, आणि प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा तुकडा. बस्स. इंजिन शंभर घोड्यांचं असो की चारशे, त्याची सगळी ताकद या चार तळहातांमधूनच रस्त्याला कळते. कोरड्या डांबरावर घर्षण भरपूर असतं. दाबलेल्या बर्फावर ते साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि काचेसारख्या बर्फावर आठव्या.

याचा अर्थ ब्रेकच्या भाषेत सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेग धरा. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर ५० मीटर. आणि गुळगुळीत बर्फावर जवळपास १०० मीटर! म्हणजे फुटबॉलचं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तुम्ही दचकून ब्रेकवर पाय नेईपर्यंत गेलेलं अंतर यात धरलेलंच नाही.

अशा ठिकाणी जास्त ताकदीचं करायचं काय? चाक जागेवरच गरगर फिरणार. उपयोग होतो तो ओढणाऱ्या चाकांवर असलेल्या वजनाचा. ॲलेक इसिगोनिसनं १९५९ मध्ये मिनी आणली तेव्हा इंजिन आडवं बसवलं ते चार माणसांना जागा मिळावी म्हणून. त्यातून बर्फातली पकड आपोआप पदरात पडली. बीटलचं उलट. इंजिन मागे, आणि ढकलणारी चाकंही मागे. तत्त्व तेच. १९६३ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळावर एक लाल बीटल नेली होती, मागच्या चाकांना साखळ्या बांधून. तिचं इंजिन हवेनं थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरमधलं पाणी गोठायची भानगडच नाही.

पण वजन हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे टायर.

दोरी, साखळी आणि नोकिया

मोटारी नवीन होत्या तेव्हा चिखलात, बर्फात अडकलेले लोक चाकाला दोर गुंडाळायचे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडनं दोराच्या जागी साखळी आणली आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. आज मनालीला रस्त्याच्या कडेला भाड्यानं मिळते ती चेन याच कल्पनेची पणती. साखळी काम करते, पण वेग मारते, मोकळ्या रस्त्यावर खडखडते आणि दर वेळी काढा-घाला.

मग फिनलंड. तिथे हिवाळा म्हणजे दोन दिवसांची ट्रिप नाही, वर्षातले कित्येक महिने. ट्रकनं माल पोचलाच पाहिजे. तिथल्या सुओमेन गुम्मितेहदास, म्हणजे 'फिनिश रबर कारखाना' या कंपनीनं १९३४ मध्ये खास हिवाळ्यासाठी ट्रकचा टायर काढला. जगातला पहिला हिवाळी टायर तोच मानतात. त्याच्या आडव्या, जाड उंचवट्यांचा उद्देश साधा होता. बर्फावरून घसरायचं नाही, बर्फात रुतून पकडायचं. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारींसाठी टायर आला. नाव हाक्कापेलीट्टा. सतराव्या शतकात स्वीडनच्या राजाकडून लढणाऱ्या फिनिश घोडेस्वारांना हे नाव होतं, त्यांच्या युद्धघोषणेवरून पडलेलं.

आता मोबाइलचं. हा कारखाना ज्या गावात होता त्या गावाचं नाव नोकिया. १९६७ मध्ये रबर कारखाना, केबल कारखाना आणि नोकिया ही कागद-लाकडाची कंपनी एकत्र झाली. पुढे त्याच कंपनीनं फोन बनवले. १९८८ मध्ये टायरचा धंदा वेगळा झाला. म्हणजे घरातल्या त्या न फुटणाऱ्या नोकियाचं आणि बर्फातल्या टायरचं गोत्र एकच!

खिळे आले, आणि धूळही

१९६० च्या दशकात टायरमध्ये कठीण धातूचे छोटे खिळे बसवायची पद्धत पसरली. बर्फावर जादूच. रॅलीवाल्यांना तर नवं शस्त्र मिळालं. पण एकाच घाटात खाली कोरडं डांबर, वर बर्फ, आणि वळणावर सावलीत काच. कुठले टायर लावायचे? मग संघांनी रॅलीच्या आधी दुसरी गाडी पुढे पाठवायला सुरुवात केली. ती माणसं बर्फ नेमका कुठे आहे ते टिपून आणायची, आणि त्यावरून टायर ठरायचे. आजही माँटे कार्लोमध्ये निम्मी लढाई टायर निवडण्यातच असते.

सर्वसामान्य लोकांनी तेच खिळे वापरले तेव्हा मात्र वेगळंच घडलं. बर्फ नसलेल्या रस्त्यावर खिळे डांबर खरवडायचे. पश्चिम जर्मनीनं १९७० च्या दशकातच ते बंद केले. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत १९८० च्या दशकात हिवाळा संपताना हवेत डांबराची धूळ भरायची, लोक तोंडाला मास्क लावून फिरायचे. १९९० मध्ये जपाननं कायदा करून खिळ्यांना लगाम घातला.

मग पर्याय काय? पर्याय रबरातच सापडला. नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं. आपल्याकडचे टायर तर उन्हाळ्यातला तापलेला रस्ता सोसायला बनवलेले. ते थंडीत कडक प्लास्टिकसारखे वागतात. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त असते, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं. वर हजारो बारीक चिरा. त्या चिरांत बर्फ अडकतो, आणि बर्फाला बर्फ छान धरतो. म्हणून तर बर्फाचा गोळा होतो! १९८८ मध्ये ब्रिजस्टोननं ब्लिझॅक काढला. त्याच्या रबरात बारीक बारीक पोकळ्या होत्या, बर्फावरचा पाण्याचा पातळ थर शोषून घ्यायला. कारण घसरवतं ते बऱ्याचदा बर्फावरचं पाणी. शून्य अंशाच्या आसपासचा, वितळू लागलेला बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त धोकादायक असतो.

आणि गंमत बघा. खिळे गेल्यावर सप्पोरोच्या चौकांत नवाच प्रश्न आला. मऊ टायर जागेवर फिरून फिरून बर्फाला पॉलिश करायला लागले, रस्ता आरशासारखा झाला. प्रत्येक उपायाच्या पोटात पुढची अडचण असते, ती ही अशी.

हे सगळं आपल्याला कशाला?

७ जानेवारी २०२२ ची रात्र. पाकिस्तानातलं मरी, इस्लामाबादजवळचं थंड हवेचं ठिकाण. बर्फ बघायला आलेल्या हजारो गाड्या रस्त्यात अडकल्या. किमान २२ माणसं गेली, लहान मुलंसुद्धा, आपापल्या गाडीत. थंडीनं, आणि कार्बन मोनॉक्साइडनं. सायलेन्सरचं तोंड बर्फाखाली बुजतं, हिटरसाठी इंजिन चालू असतं, आणि वास नसलेला तो वायू आत साचतो. माणूस झोपतो तो उठतच नाही.

आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला. आता पुण्या-मुंबईची गाडी थेट बर्फात जाऊन उभी राहते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलांग ते बोगद्याच्या रस्त्यावर शेकडो गाड्या अडकल्या आणि पोलिसांनी रात्रभर लोकांना बाहेर काढलं. अशा वेळी 'आमची एसयूव्ही आहे हो, फोर बाय फोर' हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. चार चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते लवकर. थांबताना मात्र प्रत्येक गाडीला चारच टायर असतात, आणि जड गाडीचा वेग जिरवायलाही तेच चार तळहात. उलट चांगल्या टायरांवरची छोटी हॅचबॅक शहाण्यासारखी खाली उतरते.

कॅनडा-जर्मनीत शिकायला गेलेले आपले श्रोते पहिली सेकंडहँड छोटी गाडी घेतात, तेव्हा विचारतात, टायर कुठले? क्वेबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आता १ डिसेंबर ते १५ मार्च. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हवेतच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह लागतं. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं चालत नाही. तेव्हा ते चिन्ह बघा. चारही टायर बदला. फक्त पुढचे दोन बदलले तर ब्रेक मारताना मागचा भाग पुढे यायला बघतो. गाडीच्या पुस्तिकेत दोन मापं दिली असतील तर अरुंद घ्या, अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापून खाली टेकतो. जुने घेताना खाचांची खोली मोजा. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर लागते, तोच हिशेब धरा. आणि कडेवरचे चार अंक वाचा. ३५२२ म्हणजे २०२२ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला.

मनालीला जाणाऱ्यांनी टायर गुळगुळीत झाले असतील तर निघायच्या आधीच बदलावेत. चेन ओढणाऱ्या चाकांना लावायची. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघा, उतारावर गिअर खालचा ठेवा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं, म्हणून ऊन आहे तोवर खाली या. आणि अडकलात, तर इंजिन चालू ठेवण्याआधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा काढा, आणि काच बोटभर उघडी ठेवा.

दोरापासून साखळी, साखळीपासून खिळे, खिळ्यांपासून मऊ रबर. शंभर-सव्वाशे वर्षं माणूस त्या चार तळहातांएवढ्या जागेसाठी झटतोय. इंजिनं कुठल्या कुठे गेली, पण जागा तेवढीच राहिली.

हा भाग बर्फात जायचं ठरवणाऱ्या तुमच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटूया पुढच्या वेळी. तोपर्यंत, सावकाश चालवा!