ऑक्सफर्डचा युवराज आणि आमची बुडालेली मॅच

काल पापडीत सकाळपासून पाऊस, त्यामुळे रविवारची मॅच बुडाली. मग काय, चहा घेऊन जुनी स्कोअरकार्डं चाळत बसलो आणि एक नाव सापडलं : शिवाजीराव गायकवाड. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा मुलगा. (आपली लोकल ज्या रुळांवरून धावते ती लाईन मूळची 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया'ची, म्हणजे तसा शेजारीच!)

सयाजीरावांना मुलांच्या शिक्षणाचा भारी ध्यास. जयसिंगरावांना हार्वर्डला पाठवलं, शिवाजीरावांना ऑक्सफर्डला. ऑक्सफर्डचा विद्यार्थी, त्यात राजपुत्र आणि हौशी खेळाडू. क्रिकेटसाठी त्या काळात यापेक्षा चांगला बायोडेटा तो काय असणार? 1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात हे होते. कॅप्टन पतियाळाचे भूपिंदरसिंग महाराज, वय वर्षं 19. पण त्याच जूनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक, त्यामुळे कॅप्टनसाहेब मैदानापेक्षा समारंभातच जास्त. आमच्या प्रोजेक्टवर पण असे मॅनेजर असतात, असो.

निकाल यथातथाच. फर्स्ट क्लास सामने 14, त्यातले जिंकले 2 (लेस्टरशायर आणि सॉमरसेट), हरले 10. ऑक्सफर्डचा शिक्का असूनही आपल्या युवराजांचं नाव आज कुणाला आठवत नाही. 

नाव राहिलं ते भलत्याच माणसाचं. पालवणकर बाळू, चांभार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात जिमखान्याच्या मैदानावर महिना 4 रुपयांवर कामाला होता आणि साहेबांना नेटमध्ये बॉल टाकायचा. हिंदूंच्या क्लबकडून खेळायला लागला तरी चहा मिळायचा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. या दौऱ्यात पस्तिशीतल्या बाळूने 114 विकेट्स काढल्या. भाऊ शिवरामसुद्धा त्याच संघात होता.

आता गंमत बघा. एकाच संघात एक मराठा राजपुत्र आणि एक चांभार. आणि त्या राजपुत्राचे वडील कोण, तर आपल्या राज्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढणारे! दौऱ्यात हे दोघे एका टेबलावर जेवले का, एकमेकांशी काय बोलले, ते स्कोअरकार्डात नसतं. मला तेच जास्त वाचायला आवडलं असतं.

दोनच वर्षांनी, 1913 मध्ये, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियाला गेले. शिवाजीराव मात्र 1919 साली वारले, तिशीही गाठली नव्हती. महाराजांचे चारपैकी तीन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

आणि बाळू? इतकं करूनही त्याला हिंदू संघाचं कप्तानपद कधीच दिलं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली.