सामाईक तारेचा दोष आणि त्याचा तपास

विद्यार्थ्यांच्या सामाईक निवासात इंटरनेटची तार अकस्मात मुकी झाली असता आज जो तो आपल्या खोलीचे दार लोटून एकट्यानेच तिच्या दोषाचा शोध घेतो. परंतु एके काळी हा दोष अवघ्या मजल्याच्या मालकीचा असे आणि त्याचा तपासही अवघ्या मजल्याने मिळूनच करावा लागे, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या ध्यानी राहिलेली नाही. या पालटाचे कारण माणसांच्या स्वभावात शोधू जाणे व्यर्थ आहे. ते तारेच्या मांडणीतच सापडते.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात ‘इथरनेट’ या योजनेची पहिली आखणी आढळते, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने त्यांनी ती प्रत्यक्षात उतरविली. एकच केबल, तिच्यावर ओळीने जोडलेली सारी यंत्रे, आणि दोन यंत्रे एकाच क्षणी बोलू लागल्यास दोघांनीही थांबून अनियमित अंतराने पुन्हा प्रयत्न करावा, हे त्या योजनेचे सार होते. १९८० साली डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी तिची नियमावली प्रसिद्ध केली. तीतील वेग सेकंदाला एक कोटी बिटांचा मुक्रर करण्यात आला. मात्र त्या काळची जाड व ताठर केबल विद्यार्थ्यांच्या खोल्यांत नेण्याजोगी नव्हती. पुढे बारीक आणि स्वस्त केबल निघाली, आणि मग वसतिगृहांची दारे तिला उघडली.

या बारीक केबलीचा एक पट्टा १८५ मीटरपर्यंत नेता येई व त्यावर तीस यंत्रे बसत. ती एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी फिरे. प्रत्येक यंत्रापाशी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा एक जोड असे, आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा एकेक टर्मिनेटर बसविलेला असे. त्या टर्मिनेटरचे काम म्हणजे टोकाशी पोहोचलेला संदेश शोषून घेणे. तो नसला की संदेश उघड्या टोकावर आपटून माघारी फिरे आणि मागून येणाऱ्या संदेशांत मिसळून सगळ्यांचेच बोलणे नासून टाकी. शेताच्या पाटाचा बांध वरच्याने फोडला तर पाणी खालच्यांचेच तुटते. येथे मात्र मधल्या एकाने टेबल सरकवताना जोड उपटला, की पट्ट्याच्या दोन्ही अंगांचे शेजारी एकदमच निःशब्द होत. म्हणूनच त्या काळी जाल बंद पडले म्हणजे कोणीतरी व्हरांड्यात येऊन प्रत्येक दार ठोठावी, आणि प्रत्येक रहिवाशाला आपल्या पलंगामागे वाकून जोड तपासावा लागे.

या तपासाला एक सुंदर शिस्त होती. प्रथम मल्टिमीटर लावून अवरोध मोजावयाचा: दोन्ही टोके शाबूत असतील तर तो पंचवीस ओहमच्या आसपास भरे, आणि पन्नास दिसले तर मोजणीच्या जागेपासून एका अंगाचे टोक हरवले हे उघड होई. मल्टिमीटर नसेल तर एक फाजील टर्मिनेटर घेऊन पट्टा मधोमध तोडावयाचा आणि तेथे तो बसवून अलीकडचा अर्धा भाग जिवंत होतो काय ते पाहावयाचे. झाला तर कसूर पलीकडे, न झाला तर अलीकडे. दर खेपेस शोधाचा इलाखा निम्मा होत असल्याने तीस खोल्यांतील अपराधी जोड पाच खेपांत हाती लागे. एवढी निर्दोष पद्धती सामान्य विद्यार्थी पलंगांखाली रांगत शिकले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

१९९० साली दूरध्वनीच्या तारेसारख्या पिळाच्या जोडतारांवरील इथरनेट प्रमाणित झाले आणि ही सामाईकता संपुष्टात आली. प्रत्येक खोलीची स्वतंत्र तार, शंभर मीटरच्या मर्यादेत, मजल्यावरच्या हबपर्यंत जाऊ लागली. एकाची तार तुटली तर दुसऱ्याला त्याची वार्ताही लागेना. शिवाय तार रिकामी असतानाही हब व यंत्र एकमेकांस क्षीण स्पंद पाठवू लागले आणि त्यांच्या आधारे एक लहानसा दिवा पेटू लागला. दिवा विझलेला असेल तर तार, भिंतीतला पोर्ट किंवा पलीकडचा हब तपासावा. पेटलेला असूनही संवाद नसेल तर दोष पत्त्याचा असण्याचा संभव अधिक. यंत्रांना पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी ही व्यवस्था १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झाली. ती पत्ता देईनाशी झाली तर पुढे यंत्रे स्वतःच १६९.२५४ने आरंभ होणारा पत्ता घेऊ लागली, आणि तो आकडा दिसताच जाणत्या विद्यार्थ्याला वाटणाऱ्याशी गाठ पडली नसल्याचे कळे. मग पाळी येई ‘पिंग’ची. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत, जालाच्या एका विचित्र वर्तनाचा छडा लावण्याकरिता हे साधन रचले. आधी स्वतःच्या यंत्राला, मग जवळच्या राउटरला, मग बाहेरच्या जगाला साद घालावी, हा क्रम अद्यापही ढळलेला नाही.

तरीही शेजाऱ्याच्या चुकीने मजला बंद पडणे पुरते थांबले नाही. एकाच तारेची दोन्ही टोके भिंतीतल्या दोन पोर्टांत खुपसली गेली तर संदेश वर्तुळात अखंड फिरत राहून सारे जाल गुदमरे. या संकटावर डिजिटल कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली उपाय शोधला होता, पण हबच्या जागी आलेल्या स्वस्त स्विचांना तो ठाऊक नसे. कोणी खाजगी राउटर उलट्या पोर्टाने जोडला, तर तो शेजाऱ्यांनाही आपलेच पत्ते वाटू लागे.

काही वेळा तार निर्दोष असून तोडण्याचा हुकूमच झालेला असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा पसरला तेव्हा अनेक अमेरिकी विद्यापीठांनी बाधित यंत्रांचे पोर्ट बंद केले. पवईच्या आयआयटीनेही २००७ साली वसतिगृहांतील इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवण्याची तजवीज केली, कारण विद्यार्थी जागरणे करून सकाळच्या तासांना मुकतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत, अशी संस्थेची तक्रार होती. ज्या तारेने पूर्वी शेजाऱ्यांना एकमेकांच्या दारी नेले, तीच आता त्यांना खोल्यांत कोंडते, हे त्या संस्थेने नेमके हेरले होते. मात्र दोष तारेचा नसून मांडणीचा होता, असे माझे मत आहे.

तरी मांडणी बदलूनही जेथे कारभार सामाईक राहिला, तेथे शेजार टिकला. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी वसतिगृहांचे जाल विद्यार्थ्यांचे मंडळ चालवते, आणि प्रागमधील स्त्राहोव्ह वसतिगृहांत ‘सिलिकॉन हिल’ हे विद्यार्थी-मंडळ तेच काम करते. ड्रेस्डेनमध्ये ठरलेल्या वेळी विद्यार्थीच स्वयंसेवक म्हणून तक्रारी ऐकावयास बसतात, आणि नेट गेलेला रहिवासी आपली कैफियत घेऊन त्यांच्याकडे जातो.