जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’: आपल्या घरातले विसरलेले धंदे कसे शोधावेत?

दहिसरमध्ये आम्ही शाळेत शिकवतो. दाखल्यांचा हंगाम आला की पालक आजोबांची जुनी कागदपत्रं घेऊन येतात आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारतात, की हे ‘नद्दाफ’ म्हणजे काय? घरात सगळे ‘शेख’ लावतात, मग हा शब्द आला कुठून? हा शब्द म्हणजे बहुतेक वेळा पणजोबांचा धंदा असतो. नेहमी आढळणारे असे काही शब्द इथे देत आहोत.

नद्दाफ, पिंजारी, धुनिया: कापूस पिंजणारे. कमानीच्या तातीवर लाकडी मोगरी मारत ते दारोदार गाद्या-रजया भरून द्यायचे. आज बरेच जण ‘मन्सुरी’ आडनाव लावतात. सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावाशी त्याचा संबंध जोडतात. अरबीत ‘हल्लाज’ म्हणजेच कापूस पिंजणारा.

भिश्ती, पखाली, सक्का: कातडी मशकीतून किंवा जनावरावरच्या पखालीतून पाणी पुरवणारे. ‘भिश्ती’ हा शब्द ‘बिहिश्त’, म्हणजे जन्नत, यावरून आला. तहानलेल्याला पाणी पाजण्याचा सवाब लोकांनी नावातच ठेवला. मुंबईत 1860 साली विहार तलावाचं पाणी नळाने आलं. पुढे नळ वाढत गेले, तसं हे काम आटत गेलं. दक्षिण मुंबईत भिश्ती मोहल्ला हे नाव मात्र राहिलं.

शिकलगार: अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई. तलवारी-कट्यारींना धार आणि चकाकी देणारे हे कारागीर. 1878 च्या हत्यार कायद्याने शस्त्रं बाळगण्यावर बंधनं आली. धार लावायला उरल्या त्या सुऱ्या, कात्र्या.

नालबंद: घोड्या-बैलांना नाल ठोकणारे. टांगे आणि बैलगाड्या कमी झाल्या, तसा धंदा बसला.

नाखुदा, सारंग, टंडेल, सुकाणी: हे कोकणी मुस्लिम घरांत सापडणारे दर्यावर्दी शब्द. नाखुदा जहाजाचा मालक किंवा कप्तान, सारंग खलाशांचा म्होरक्या, टंडेल त्याच्या हाताखालचा, सुकाणी सुकाणू धरणारा.

छप्परबंद: छपरं शाकारणारे. इंग्रजांनी गुन्हेगार जमात कायद्याखाली यांच्यावर शिक्का मारला. कायदा 1952 साली रद्द झाला, पण शरमेने कित्येकांनी नावच सोडलं. आज महाराष्ट्रात ही जमात विमुक्त जातींच्या यादीत आहे.

आता मुख्य मुद्दा. ही माहिती फक्त हौसेची नाही. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि विमुक्त जातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. पण जुन्या शाळांच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात अनेकदा फक्त ‘मुसलमान’ एवढंच लिहिलेलं सापडतं. काही वेळा लिहिणाऱ्याने विचारलं नाही, तर काही वेळा आपल्याच वडीलधाऱ्यांनी ‘पिंजारी नको, शेख लिहा’ असं सांगितलं. मुलीची फी माफी किंवा प्रवेश याच एका शब्दावर अडतो, हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

शोधायचं कुठे? आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा आणि आत्या यांच्या पहिल्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. तहसील कार्यालयात गाव नमुना 14, म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंद, आणि कोतवाल बुकाची नक्कल मिळते का ते पाहा. घरातला निकाहनामा, खरेदीखत, खलाशाचं नोकरीचं पुस्तक जपून ठेवा. कागद मोडीत असेल तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. दहिसर 1957 साली बृहन्मुंबईत आलं, त्यामुळे इथल्या जुन्या घरांनी ठाण्यालाही चौकशी करावी. बाहेरून आलेल्यांना मूळ गाव गाठावंच लागेल.

शब्द सापडला की जसा लिहिला आहे तसाच उतरवून घ्या. ‘नद्दाफ’चं ‘मन्सुरी’ स्वतःहून करू नका. आणि घरात दादी-नानी असतील तर आधी त्यांच्याजवळ बसा. कोणत्या गावात, कोणत्या शाळेत शोधायचं, हे बहुधा त्याच सांगू शकतात.