आजीचा व्हाळ

माझी आजी बोरिवलीच्या दहिसर नदीला कधी नदी म्हणाली नाही. "चल गो, व्हाळावर जाऊन येऊ," असं म्हणत ती छत्री शोधायला लागायची. रत्नागिरीकडच्या तिच्या माहेरी परसाच्या खालून व्हाळ, म्हणजे ओढा, वाहायचा. गिरगावातल्या चाळीतून बिऱ्हाड इथे हलवायला ती तयार झाली ती या पाण्यापायीच, असं घरात सगळे सांगतात. आजोबांचं कारण वेगळं, स्टेशन चालत्या अंतरावर. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, ती म्हणे त्यांच्या काकांनी पाहिली होती. "बोरी नि ताड, बाकी रान," हे काकांचं बोरिवलीचं वर्णन आमच्याकडे अजून चालतं. काका त्या गाडीत बसले होते की नुसते फलाटावर उभे होते, यावर आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचं शेवटपर्यंत पटलं नाही.

व्हाळावर जायचा मुहूर्त वर्तमानपत्रातून निघायचा. तुळशी तलाव भरल्याची बातमी आली की आजी खूश! तुळशीच्या बाजूच्या डोंगरांतूनच ही नदी उतरते. उन्हाळ्यात ती जवळजवळ सुकलेली. श्रावणात मात्र खळाळती. मग आजी मातीत पुरून राखलेल्या फणसाच्या आठळ्या काढायची आणि मिठाच्या पाण्यात उकडायची. बरोबर तांदळाची भाकरी, लसणीची सुकी चटणी. त्या चटणीत खोबरं जास्त असायचं की तीळ, ते आता आठवत नाही. वास तेवढा आठवतो.

स्टेशनाच्या पूर्वेला उतरायचं. जंगलातल्या पाड्यांवरच्या बाया तिथे टोपल्या घेऊन बसलेल्या असत. मे महिन्यात करवंदं नि जांभळं, थंडीत बोरं नि आवळे. आजी त्यांच्याशी घासाघीस करत नसे. एकीला तर ती लेकीसारखी हाक मारायची आणि पोरांची चौकशी करायची. तिथून हायवे ओलांडेपर्यंत माझं मनगट तिच्या मुठीत. पलीकडे नॅशनल पार्कचं फाटक. आजोबा मात्र 'कृष्णगिरी उपवन' हे जुनंच नाव घ्यायचे.

आम्हा पोरांना पार्कातल्या वनराणी या छोट्या आगगाडीत बसायचं असे, आजीला पाण्यात पाय सोडायचे असत. शेवटी दोन्ही व्हायचं, आधी पाणी. दगडावर बसून ती आठळ्या सोलून द्यायची आणि कान्हेरी लेण्यांच्या गोष्टी सांगायची. महाशिवरात्रीला तिथे गर्दीबरोबर चढून गेल्याचं तिला फार कौतुक. लेण्यांपेक्षा तिच्या लक्षात राहिल्या होत्या त्या पोढी, भिक्षूंनी पावसाचं पाणी साठवायला कातळात खोदलेल्या टाक्या. शंभराहून जास्त लेणी, आणि जागोजागी पाण्याची सोय. "माझ्या माहेरी एवढी अक्कल असती तर वैशाखात हंडे वाहिले नसते," ती म्हणायची.

नदी फाटकाबाहेर पडली की तिची रया जायची. काठावर तबेले, वस्त्या, मग काँक्रीटच्या भिंती. दहिसरच्या अलीकडे लोकल पुलावरून जाते तेव्हा डब्यातले लोक नाकाला रुमाल लावून 'नाला' म्हणतात. आजी तोंड फिरवायची, पण तो शब्द तिने उच्चारला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीसारखीच आमची दहिसर नदीही घराघरांत शिरली. आजी तेव्हा खूप थकली होती. गॅलरीतून चिखलाचं पाणी बघत कितीतरी वेळ गप्प बसली, नि मग म्हणाली, "त्याला कोंडला गो सगळ्यांनी." ती रागावेल असं मला वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले होते.

ती गेली त्यानंतर माझी लेक झाली. परवा लोकलमधून तिने बोट दाखवून विचारलं, "हा कुठला नाला?" मी सांगितलं, हा आपला व्हाळ.

आज सकाळी तुळशी भरल्याची बातमी आली. आठळ्या मी कुकरला लावल्यात.