भिंतीवरून कापडावर

नाशिकच्या बाजारात आज वारली चित्रांचा कुर्ता, साडी, झोळी सहज मिळते. तारप्याभोवती फेर धरलेली ती पांढरी माणसं आपल्या ओळखीची झाली आहेत. पण ती कापडावर येऊन फार तर पन्नासेक वर्षं झाली असतील.

त्याआधी ती भिंतीवर होती, आणि तिथेही कायमची नव्हती. डहाणू, तलासरी, जव्हार आणि आपल्या जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या वारली पाड्यांवर लग्न निघालं की कुडाची भिंत शेणानं सारवून तिच्यावर गेरू फिरवायचा. मग सवाष्णी तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीनं चौक काढायच्या. मधोमध पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणत लग्न लावायची. लग्न उरकलं की चौक आपोआप पुसट होत जायचा.

ज्या लग्नासाठी हा चौक, त्याच लग्नापायी माणूस बांधला जाई, हे मात्र आपण विसरतो. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं. कर्ज काही फिटत नसे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वारली या वेठीविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७०च्या पुस्तकात ही हकिगत आहे. त्या काळी वारल्याच्या अंगावर जेमतेम लंगोटी असे. कापड विणणं हा त्यांचा धंदा नव्हता, ते विकतच घ्यावं लागे. आज त्यांच्याच चित्रांनी कापडाची किंमत वाढते!

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं पाड्यांवर कागद आणि रंग नेले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नकार्याची वाट न पाहता रोज चित्रं काढली. बायकांची कला अशी पुरुषाच्या हाती गेली आणि नावही त्याचंच झालं. मशे यांची थोरवी त्यानं कमी होत नाही. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

कागदानंतर कापड आलं. तांदळाचं पीठ धुण्यात टिकत नाही, म्हणून कापडाचे रंग आणि बारीक कुंचला आला. हातानं साडी रंगवायला दिवसचे दिवस जातात, छपाईचं यंत्र मिनिटांत मीटर काढतं. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण या कायद्यानं रक्षण होतं ते मुख्यतः नावाचं. नाव न घेता तशीच माणसं छापणाऱ्या गिरणीला अडवणं अवघड जातं. म्हणून दुकानदाराला विचारावं, हे कोणी रंगवलं, कुठल्या पाड्यावर? पालघटेचा चौक मात्र मला कुर्त्याच्या पाठीवर बघवत नाही. तारपा नाच, भातलावणी ठीक आहे.

हातचं काम ओळखणं कठीण नाही. कापड उलगडून नीट पाहावं. ठराविक अंतरानं तोच तारपेवाला तसाच पाय टाकून पुन्हा आला, तर तो छापलेला. हातानं काढलेल्या फेरात प्रत्येकाची कंबर वेगळी वाकलेली असते.