सातव्या मजल्यावर, लेकीला घेऊन

लिफ्ट पाचव्या मजल्यावरच थांबते, तेव्हा पुढचे दोन मजले जिन्याने चढा. लेक चार वर्षांची आहे. थोड्या पायऱ्या झाल्या की हात वर करून ‘उचल’ म्हणेल. उचला. एका हातात बाजाराची पिशवी, कडेवर पोर, पाठीवरून घामाची धार. सकाळचे नऊ वाजायचेत, आणि हवा इतकी दमट की कपडे अंगाला चिकटलेत. खिडकीतून वारा येतो तोही गरमच.

तुम्ही सिंगापुरात आहात, तोआ पायो नावाच्या वसाहतीत, 1980 च्या सुमाराला. खाली-वर, उजवी-डावीकडे नुसत्या इमारती, आणि प्रत्येक मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला एकच व्हरांडा. यातले कितीतरी लोक थोड्या वर्षांपूर्वी पत्र्याच्या आणि झावळ्यांच्या छपराखाली, कांपोंग म्हणतात तशा वाड्यांमध्ये राहत होते. वाडी सुटली, पण दार उघडं टाकून बसायची सवय तशीच वर आली. म्हणून आता व्हरांड्यातून चालताना तुम्हाला कुणाचंही घर दिसतं, आणि दिसण्याआधी त्याचा वास येतो.

पहिल्या दाराशी, जमिनीलगत, लाल डब्यात उदबत्त्या जळताहेत. शेजारी दोन संत्री. लेक संत्र्याकडे हात नेईल, तो अलगद धरा. ती देवाची आहेत. पुढच्या दारातून बलाचानचा भपकारा येतो. आंबवलेल्या जवळ्याची ही वडी निखाऱ्यावर भाजली, की सगळ्या मजल्याला कळतं. नाक धरू नका. मालवणात किंवा रायगडात वाढला असाल तर तुम्हाला याची भूकच लागेल. तिसऱ्या दारात मोहरी तडतडते, कढीलिंब टाकला जातो, आणि उंबऱ्याबाहेर तमिळ अक्कांनी पहाटे काढलेला कोलम आहे. तो ओलांडायचा, तुडवायचा नाही, हे लेकीला सांगावं लागत नाही. ती तिथेच उकिडवी बसते आणि ठिपके मोजू लागते. अक्का आतून येतात, तिच्या मुठीत चिमूटभर तांदळाचं पीठ ठेवतात आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतात. त्या कोपऱ्यात तिचा एक वाकडा पक्षी उमटतो. अक्का तो पुसत नाहीत.

आता आपल्या घरात या. कपडे धुवायचेत, आणि ते हातांनीच. न्हाणीघरात प्लॅस्टिकचं घमेलं, खरखरीत फळी, साबणाची वडी. तुम्ही घासत असता तेव्हा लेक शेजारी बसून आपल्या बाहुलीचा झगा घासते. तिचा अर्धा साबण मोरीत जातो. जाऊ द्या. खरी कसरत पुढे आहे. चांगला पुरुष-दीड पुरुष लांब बांबू घ्या. सदऱ्याच्या एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून काढा. मग दुसरा सदरा, मग परकर, मग तिचे फ्रॉक. ओल्या कपड्यांनी जड झालेला तो बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढायचा आणि भिंतीत बसवलेल्या लोखंडी नळीत त्याचं टोक नेमकं घुसवायचं. दंड थरथरतात. खाली सात मजले आहेत. लेकीला या वेळी खिडकीपासून लांब बसवा आणि चिमटे तिच्या हवाली करा. एकेक चिमटा देणं हे तिचं काम. दोन चिमटे एकमेकांना चावले की मगर होते, हा शोध तिचा तिलाच लागतो.

समोरच्या इमारतीकडे एकदा पाहा. शेकडो बांबू, हजार रंग, सगळे वाऱ्यावर फडफडणारे. इतकं कष्टाचं काम इतकं देखणं दिसावं, हे मला फार आवडतं.

बाजारातून आणलेली पिशवी जमिनीवर ओता. फरशी गार आहे, तिथेच बसा. मोड आलेल्या मुगाच्या ढिगातून एकेक दाणा उचलून त्याची तपकिरी शेपटी खुडायची आहे. मग सुकी बिलिस मासळी: आपल्या मांदेलीच्या नात्यातली, करंगळीहून लहान. डोकं मोडायचं, पोटातला काळा दोरा काढायचा, दोन फाका करायच्या. ही दोन्ही कामं या शहरात लहान हातांकडेच येतात. लेक आधी मन लावून खुडते. मग शेपट्यांचे केस होतात, मुगाचं डोकं होतं, आणि वर्तमानपत्रावर एक म्हातारी तयार होते. तिला चष्माही लागतो, तो माशांचा. घाई करू नका. स्वयंपाक अर्ध्या तासाने उशिरा झाला तर या घरात आभाळ कोसळत नाही.

इथे खेळासाठी वेगळा तास राखून ठेवलेला नाही, वेगळं कपाटही नाही. काम चालू असतं आणि पोर त्या कामाच्या कडेला बसलेलं असतं. कामातून जे उरतं, सांडतं, फाटतं, ते त्याच्या वाट्याला येतं. या आया आपल्यापेक्षा जास्त प्रेमळ होत्या म्हणून असं घडत नव्हतं. घरं लहान होती, पैसा बेताचा होता, दारं उघडी होती आणि नजर ठेवायला शेजारी होते. त्या परिस्थितीत मुलाला जे मिळालं ते खरोखर मोलाचं होतं, असं मी ठाम म्हणेन: मोठ्यांच्या हातांजवळ बसायची जागा.

दुपारी मकचिककडे चला. मलाय शेजारणीला, मावशी म्हणावी तसं, सगळी पोरं मकचिकच म्हणतात. त्यांच्या पायमशीनची घरघर व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचते. त्या घरबसल्या कपडे शिवतात, त्यामुळे मशीनखाली चिंध्यांचा डोंगर: बाटिकची निळी पानं, फुलाफुलांचं चीट, शाळेच्या गणवेशाचा पांढरा तुकडा. लेक थेट त्या डोंगरात शिरते. ‘मारी, मारी,’ म्हणजे ये, म्हणत मकचिक तिला कुशीत ओढून घेतात, आणि तिथे सुरू होतो आजच्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम. पाच खडे करायचे.

आपले सागरगोटे तुम्हाला ठाऊक आहेत. इथली मुलं तोच खेळ कापडी खड्यांनी खेळतात, आणि ते खडे घरीच होतात. दोन बोटं रुंद आणि त्याच्या दुप्पट लांब अशी पट्टी कापा. उलट्या बाजूने मधोमध दुमडा, दोन कडा शिवा, एक उघडी ठेवा, आणि पिशवी सुलटी करा. सुईत दोरा तुम्ही ओवा, पण टाके लेकीला घालू द्या. ती घालते तो टाका आधी लांब पडतो, मग तिरका, मग एकदम फ्रॉकलाच. मकचिक हसत नाहीत. त्या फ्रॉक सोडवतात, सुई परत तिच्या बोटांत देतात आणि वर आपला हात ठेवतात. त्या हाताला लवंगेच्या तेलाचा आणि नारळाच्या दुधाचा वास आहे.

आता तांदूळ. लेक वाटीतून चिमटीने भरते, निम्मे जमिनीवर. नेहमी तांदूळच असं नाही. कुणी हिरवे मूग भरतं, कुणी वाळू, तर कुणी सागाच्या बिया. सागा म्हणजे आपली रतनगुंज. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला तिची झाडं आहेत, आणि त्या तांबड्याभडक, गुळगुळीत बिया वेचून बाटलीत साठवणं हा इथल्या प्रत्येक पोराचा उद्योग. मकचिकच्या कपाटावरही अशी एक बाटली आहे. पण आज तांदूळ. पिशवी काठोकाठ भरायची नाही, हे त्यांनी मुठीत दाबून दाखवलं: गच्च भरलेला खडा तळहातावर आपटून उडतो, थोडा सैल असला की बसतो. मग खरी गंमत. उघडी कड आधीसारखी सरळ शिवायची नाही. चिमटीत धरून आडवी फिरवायची, दोन्ही बाजूंच्या शिवणी मधे एकमेकींना भेटवायच्या आणि मग शिवायचं. पिशवीला एकाएकी चार कोपरे फुटतात आणि समोशासारखा नेटका खडा हातात येतो. लेकीचा ‘आ’ मिटत नाही. तुमचाही.

पाच झाले की जमिनीवर टाका. एक उचला, वर फेका, तो हवेत असताना खालचा एक उचला आणि वरचा झेला. मग एकेकाऐवजी दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. फेकलेल्या खड्याकडे बघायचं की खालच्याकडे, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. ते हातानेच शिकावं लागतं. मकचिक साठीच्या आहेत आणि मशीनवरून उठून बसल्या की त्यांचे गुडघे वाजतात, पण खडा त्यांच्या मुठीबाहेर पडत नाही. लेकीला फक्त वर फेकायचं आणि खिदळायचं आहे. तोही खेळच.

तेवढ्यात खालून भोंगा. ‘कारुंग गुनी!’ रद्दीवाला आला. जुनी वर्तमानपत्रं, बाटल्या, चिंध्या घेऊन बायका दारात येतात, घासाघीस होते, नाणी खुळखुळतात. एक दहा सेंटचं नाणं लेकीच्या हातात द्या. त्यावर समुद्रघोडा आहे. कागदाच्या शंकूत चणे-दाणे विकणारा काचांग पुतेहवाला भेटला, की समुद्रघोडा जातो आणि शंकू येतो.

आणि मग आकाश काळं पडतं. कुणीतरी ओरडतं, आणि समोरच्या इमारतीतले बांबू सरसर आत जाऊ लागतात. पळा! तुमचाही आत घ्या. पाऊस असा कोसळतो की समोरची इमारत पुसली जाते. वीज कडाडली की लेक तुमच्या पोटात तोंड खुपसते. ओल्या सिमेंटचा वास, ओल्या कपड्यांचा वास, कुणाच्या तरी घरातून पांदानच्या पानांनी दरवळलेल्या भाताचा वास. घटकाभरात सगळं थांबतं आणि उकाडा दुप्पट होतो.

संध्याकाळी खाली उतरा. इमारतीचा तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला आहे, तिथे गलका उसळलाय. रबरबँड एकात एक गुंफून केलेला लांब दोर दोघींनी धरलाय, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग डोक्यावर. आणि अनवाणी मुली तो ओलांडतात. मुलं चापतेह खेळतात, म्हणजे रबराच्या चकतीत कोंबडीची पिसं खोचून केलेलं फूल पायाच्या आतल्या बाजूने उडवत ठेवतात. खांबाशी दोघं पालथी पडून कुटीकुटी खेळताहेत: नखाएवढे प्लॅस्टिकचे हत्ती-ससे, बोटाने ढकलायचे, आपला दुसऱ्याच्या अंगावर चढला की तो आपला. चार वर्षांच्या मुलीला या कशातच कुणी घेत नाही. पण हाकलतही नाही. ती दोराच्या टोकाशी उभी राहते, आणि थोड्या वेळाने ते टोक तिच्या हातात येतं.

मग ड्रॅगनकडे. लोरोंग 6 मधल्या या मैदानात नारिंगी डोक्याचा, टेराझो फरश्या मढवलेला ड्रॅगन वाळूत बसलाय. 1979 मध्ये इथे आला, म्हणजे अजून नवाकोरा आहे. गृहनिर्माण मंडळातल्या खोर इआन घी यांनी तो रेखला. पाठीच्या लोखंडी कड्यांवर पोरं लोंबकळताहेत, डोक्याच्या बाजूने घसरगुंडीवरून धडाधड खाली येताहेत. लेकीला मात्र वाळू हवी. कुणाची तरी पत्र्याची झाकणं, जास्वंदीची कुस्करलेली पानं, ओली वाळू, आणि मांडली भातुकली. इथे तिला मसाक-मसाक म्हणतात. शेजारच्या चिनी मुलाशी तिची भाषा जुळत नाही. तो तिला पानावर वाळूचा भात वाढतो, ती जेवते. तोच तिला लाल एक्झोऱ्याच्या फुलातली काडी ओढून टोकावरचा गोड थेंब चाखायला शिकवतो.

घरी परत. पाय धुवा, तरी वाळू अंथरुणात जाईलच. मकचिककडे धाकटा नातू स्प्रिंगला टांगलेल्या सारोंगच्या झोळीत वरखाली हिंदकळतोय. कुणाकडे तरी माहजाँगच्या सोंगट्या खडखडताहेत. डासांची उदबत्ती धुमसते. तुमची कंबर दुखतेय, आणि हे लपवायचं कारण नाही: हातांनी धुणं, जिन्याची चढउतार, दिवसभर पोर पायांत. तो काळ सोपा नव्हता, आणि धुण्याचं यंत्र सोडून तुम्ही तिकडे राहायला जावं असं मी म्हणत नाही.

पण जाऊन यायला हरकत नाही. तोआ पायोचा ड्रॅगन आजही लोरोंग 6 मध्ये आहे, आणि बहुतेक मैदानांत रबरी जमीन आली तरी त्याच्याखाली अजून वाळूच आहे. सिंगापुरात राहत असाल तर रविवारी मुलांना न्या. पुण्यात, नाशकात, नागपुरात असाल तर एक जुनी ओढणी काढा, कात्री काढा, आणि मुलाच्या हातात सुई द्यायला घाबरू नका. त्याच्या हातावर तुमचा हात असू द्या. पहिले टाके वाकडे येतील, ते उसवू नका. आणि तांदूळ थोडे कमीच भरा.