जपानला जाताय? संकटात कोणाला फोन करायचा, हे आधी पाठ करा

शिक्षण, आयटी, वृद्धांची सेवा-शुश्रूषा आणि कारखान्यातील कामासाठी महाराष्ट्रातील तरुण जपानला जात आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला, त्यामुळे ही वाट आणखी रुंद झाली. टोकियोतील निशी-कासाई भागात तर भारतीयांची मोठी वस्ती आहे. व्हिसा, तिकीट, खोली यांची चौकशी सगळेच करतात. मध्यरात्री छातीत कळ आली किंवा जमीन हलू लागली तर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

तातडीचे क्रमांक

११० – पोलीस. चोरी, मारहाण, रस्त्यावरील अपघात.
११९ – अग्निशमन आणि रुग्णवाहिका. दोन्हींसाठी एकच क्रमांक.
११८ – समुद्रावरील दुर्घटनेसाठी तटरक्षक दल.

हे फोन मोफत आहेत. सार्वजनिक फोनवरूनही नाणे न टाकता करता येतात. आपल्याकडची ११२ ची सवय तिथे विसरावी.

११९ लावल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘काजी देसु का, क्युक्यु देसु का?’ म्हणजे आग लागली आहे की रुग्णवाहिका हवी? उत्तर द्यायचे, ‘क्युक्यु देसु’ (रुग्णवाहिका) किंवा ‘काजी देसु’ (आग). जपानी येत नसेल तर ‘एइगो ओनेगाइ शिमासु’, म्हणजे ‘कृपया इंग्रजीत’, असे म्हणावे. अनेक शहरांत दुभाष्याला त्याच फोनवर जोडून घेण्याची सोय आहे. रुग्णवाहिका सरकारी असते, ती बोलावण्याचे पैसे लागत नाहीत. रुग्णालयाचा खर्च मात्र वेगळा असतो.

पत्ता सांगता आला पाहिजे

खरी अडचण इथे येते. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. पत्ता विभाग, गट आणि घर यांच्या क्रमांकांवरून सांगतात. आपल्या घराचा आणि कामाच्या जागेचा पत्ता जपानी उच्चारासह कागदावर लिहून दाराजवळ चिकटवा. बाहेर असाल तर जवळचे शीतपेयांचे विक्रीयंत्र शोधा. त्यावर त्या जागेचा पत्ता लिहिलेला असतो. विजेच्या खांबांवरही पत्त्याची पाटी सापडते.

तातडीचे नसेल तर

रुग्णवाहिका बोलवावी की नाही, असा प्रश्न पडला तर #७११९ वर सल्ला मिळतो. ही सेवा सर्व प्रांतांत नाही, म्हणून आपल्या भागात आहे का ते आधी पाहा. रात्री मूल आजारी पडले तर #८०००. पोलिसांचा फक्त सल्ला हवा असेल तर #९११०. घरात जोडीदाराकडून छळ होत असेल तर #८००८ वरून जवळच्या मदत केंद्राशी जोडून देतात. आजारपण, अपघात किंवा आपत्तीच्या वेळी इंग्रजीत विचारण्यासाठी पर्यटन संस्थेची ०५०-३८१६-२७८७ ही सेवा चोवीस तास चालू असते. चौकाचौकांत ‘कोबान’ नावाच्या लहान पोलीस चौक्या असतात. वाट चुकली किंवा पाकीट हरवले तर थेट तिथे जावे.

भूकंप

जपानमध्ये धक्क्याची तीव्रता ‘शिंदो’ या ० ते ७ च्या मापाने सांगतात. मोठा धक्का येण्याच्या काही सेकंद आधी मोबाईलवर मोठा इशारा वाजतो. त्या वेळी बाहेर पळू नका. टेबलाखाली जा, डोके झाका, धक्का थांबल्यावर गॅस बंद करा आणि दार उघडे ठेवा. समुद्राजवळ असाल तर थेट उंच जागी जा. ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप इंग्रजीत इशारे देते. एनएचके वर्ल्डच्या बातम्या हिंदीतही मिळतात.

निवारा केंद्राला ‘हिनानजो’ म्हणतात. बहुतेक वेळा ती जवळची शाळा असते. तिथे आसरा घेण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. पहिल्याच आठवड्यात तिथपर्यंत एकदा चालत जाऊन या.

आपत्तीत फोन लागत नाहीत. तेव्हा १७१ ही सेवा सुरू होते. १७१ लावून १ दाबल्यावर आपला निरोप नोंदवता येतो, २ दाबल्यावर दुसऱ्याचा ऐकता येतो. भारतातील घरच्यांना १७१ लागणार नाही, त्यांनी ‘वेब १७१’ हे संकेतस्थळ वापरावे. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला याचा सराव करता येतो. तो घरच्यांसोबत एकदा नक्की करा.

कागदपत्रे आणि हक्क

‘झाइर्यू कार्ड’ हे निवासपत्र सतत जवळ बाळगणे सोळा वर्षांवरील परदेशी रहिवाशांना बंधनकारक आहे. हरवल्यास १४ दिवसांत इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करावा. घर बदलल्यास १४ दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला आरोग्य विमा घ्यावाच लागतो. त्यात साधारणपणे उपचाराच्या खर्चाचा ३० टक्के भाग आपण भरायचा असतो.

तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून गेलेल्या कामगाराचा पासपोर्ट किंवा निवासपत्र मालकाने ठेवून घेणे कायद्याने गुन्हा आहे. कामावर दुखापत झाली तर नुकसानभरपाईचा विमा परदेशी कामगारालाही लागू होतो. तक्रार ‘रोदो किजुन कान्तोकुशो’, म्हणजे कामगार निरीक्षण कार्यालयात करावी. आपला दूतावास टोकियोत आणि वाणिज्य दूतावास ओसाकात आहे.

माहिती का जपायची

१ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात एक लाखाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कोरियन लोकांनी विहिरींत विष टाकल्याची अफवा पसरली आणि जमावाने अनेक कोरियनांना ठार केले. पाण्याच्या नावाने माणसाला वेगळे काढणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात भाषा न कळल्यामुळे परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना पोहोचल्या नाहीत. त्या अनुभवातून ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे परदेशी माणसाला कळेल अशी सोपी जपानी, पुढे आली. आज अनेक नगरपालिका सूचना त्याच भाषेत देतात.

परक्या मुलखात संकटाच्या पहिल्या काही मिनिटांत दूतावास किंवा घरचे धावून येऊ शकत नाहीत. येतो तो शेजारी. म्हणून गेल्या गेल्या शेजाऱ्याला नमस्कार करा, नाव सांगा आणि वस्तीच्या आपत्ती सरावात भाग घ्या. आपण त्या घरात राहतो हे चार माणसांना माहीत असणे, हीच पहिली सुरक्षा आहे.

हे क्रमांक कागदावर लिहा. एक प्रत पाकिटात ठेवा, एक गावी आई-वडिलांकडे द्या. जपानला निघालेल्या प्रत्येक बंधू-भगिनीपर्यंत ही माहिती पोहोचवावी, ही विनंती.